धुऱ्यावरील झाडे आणि लाकूड कुजविणारी बुरशी

मृगाचा पहिला वादळी पाऊस होऊन गेला की गावात, शाळेच्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला एखादे तरी मोठे झाड आडवे झालेले आढळते. पाने हिरवीगार असतात, फांद्या भरलेल्या असतात, आणि तरीही झाड बुंध्यापासून उलथलेले असते. "वाऱ्याने पडले," असे म्हणून लोक लाकूड उचलून नेतात. परंतु मोडलेला बुंधा व मुळ्या नीट न्याहाळल्यास निराळीच हकीकत दिसते. मुळ्या बोटाने दाबल्या तर भुसभुशीत लागतात, लाकूड पांढुरके व कापसासारखे तंतुमय झालेले असते, आणि मागील पावसाळ्यात त्याच बुंध्यावर उगवलेले तांबूस, चकाकणारे अळंबे कोणी तरी पाहिलेले असते. अशा वेळी वारा हे केवळ निमित्त होय. झाड अनेक वर्षांपासून आतून खचत होते आणि त्याची सूचनाही त्याने दिली होती. ती सूचना कशी ओळखावी व तिच्यावरून कोणती कृती करावी, हे या पाठात सांगितले आहे.

बुरशी लाकूड कसे खाते

बुरशी ही वनस्पतींप्रमाणे हिरवी नसते. सूर्यप्रकाशापासून तिला अन्न तयार करता येत नाही; तयार अन्नावरच ती जगते. लाकूड हे मुख्यतः सेल्युलोज व लिग्निन या दोन द्रव्यांचे बनलेले असते. सेल्युलोज हे धाग्यासारखे ताण सहन करते आणि लिग्निन त्या धाग्यांना घट्ट बांधून ठेवते. भिंतीत विटा व चुना यांचे जे नाते, तेच साधारणतः या दोहोंचे. बुरशीचे केसाहून बारीक तंतू लाकडात शिरतात, पाचक रस सोडतात व विरघळलेले अन्न शोषून घेतात.

कुजीचे दोन मुख्य प्रकार आहेत. काही बुरशी लिग्निनसह सर्व द्रव्ये फस्त करतात. तेव्हा लाकूड फिकट, हलके व तंतुमय होते. हिला पांढरी कूज म्हणतात. काही बुरशी सेल्युलोज खातात आणि लिग्निन बहुतांशी तसेच सोडतात. तेव्हा लाकूड तपकिरी होऊन त्याला चौकोनी भेगा पडतात व ते चिमटीत चुरगळते. हिला तपकिरी कूज म्हणतात. रुंद पानांच्या झाडांवर पांढरी कूज अधिक आढळते.

झाडाच्या खोडावर जे अळंबे दिसते, ते बुरशीचे शरीर नव्हे, तर तिचे फळ होय. आंब्याच्या झाडावर आंबा दिसावा, तसे ते आहे. खरी बुरशी लाकडाच्या आत तंतूंच्या रूपाने पसरलेली असते. म्हणून अळंबे तोडून फेकल्याने रोग जात नाही; केवळ त्याची खूण नाहीशी होते. त्या फळातून कोट्यवधी सूक्ष्म बीजाणू वाऱ्यावर जातात आणि उघड्या जखमेवर पडल्यास तेथे रुजतात. अळंबी व कूज यांचा हा कार्यकारणसंबंध जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिला. भारतात डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत के. डी. बागची व बी. के. बक्षी यांनी वनवृक्षांच्या रोगांचा दीर्घ अभ्यास केला. बक्षी यांचा भारतीय छिद्रयुक्त अळंब्यांवरील ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध झाला.

जिवंत झाडाचे बाहेरचे लाकूड रसाने भरलेले असते. त्यात हवा कमी असल्याने बुरशीला तेथे सहज वाढता येत नाही. शिवाय साल हे भक्कम कवच आहे. साल फाटली, फांदी मोडली किंवा मुळी तुटली की लाकूड सुकते, हवा आत शिरते आणि बुरशीला दार उघडते. उलटपक्षी तोडलेले लाकूड पूर्ण वाळवून त्यातील ओलावा शेकडा २० च्या खाली ठेवला, तर ते कुजत नाही. जुन्या वाड्यांत लाकडी खांबाखाली दगडी तळखडा बसवीत, त्याचे मर्म हेच आहे. जमिनीचा ओलावा खांबापर्यंत पोचत नसे, आणि सागाचा खांब पिढ्यान्‌पिढ्या टिके. तोच खांब जमिनीत पुरला, तर नेमका मातीच्या पातळीवर कुजतो. कारण ओलावा व हवा ही दोन्ही तेथे एकत्र मिळतात.

जिल्ह्यातील देशी झाडे

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग लोक मानतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत धुऱ्यांवर बाभूळ व कडुनिंब ही झाडे प्रामुख्याने दिसतात. अजिंठ्याच्या रांगेवरील ज्ञानगंगा अभयारण्यात आणि उत्तरेस सातपुड्यातील अंबाबरवा अभयारण्यात साग, सालई, धावडा, अंजन, खैर यांसारखी झाडे आहेत. या झाडांचा व येथील बुरशीचा सहवास हजारो वर्षांचा आहे, आणि दोघांनीही एकमेकांशी जुळवून घेतले आहे.

सागाच्या आतल्या पक्क्या लाकडात बुरशीला व वाळवीला न मानवणारी नैसर्गिक द्रव्ये असतात, म्हणून ते टिकते. परंतु त्याच सागाचे बाहेरचे पांढरे, कच्चे लाकूड लवकर कुजते. अंजनाचे लाकूड अतिशय जड व टिकाऊ आहे. सालईचे लाकूड मऊ आहे व तोडल्यावर लवकर खराब होते. खैराच्या गाभ्यात कात असतो. तरीही फेलिनस बॅडियस नावाची बुरशी खैर व बाभूळ या झाडांचा नेमका गाभाच कुजविते. तिचे अळंबे घोड्याच्या खुरासारखे, लाकडासारखे कठीण असते. वरचा भाग काळपट व भेगाळलेला आणि खालचा भाग गंजाच्या रंगाचा असतो. ते एका हंगामात मरत नाही. दरवर्षी त्यावर नवा थर चढतो.

धुऱ्यावरील बाभळीवर हे खूर दिसले, तर शेतकऱ्याचे प्रत्यक्ष नुकसान झाले आहे असे समजावे. वखर, डवरा, तिफण व बैलगाडी यांसाठी बाभळीचे लाकूड परंपरेने वापरले गेले, ते त्याच्या चिवट गाभ्यामुळे. गाभा कुजल्यावर उरते ते फक्त जळण. विशेष म्हणजे हा रोग बहुधा माणसाच्याच हाताने आत जातो. शेळ्यांच्या चाऱ्यासाठी कोयत्याने फांद्या ओरबाडल्या जातात, हातभर खुंट्या मागे राहतात, त्या सुकतात, आणि त्यांच्यातून बुरशी उतरत उतरत खोडाच्या गाभ्यापर्यंत पोचते.

मात्र प्रत्येक ढोली हा रोग मानू नये. जुना कडुनिंब किंवा वड पोकळ होऊनही दीर्घकाळ उभा राहतो. पिंगळा, पोपट, सुतार पक्षी व मधमाश्या त्या ढोलीत राहतात. पिंगळा उंदीर व कीटक मारतो. मधमाश्या पिकांच्या परागीभवनाला साह्य करतात. जंगलात पडलेले लाकूड बुरशीने कुजविले नाही, तर त्यात अडकलेली अन्नद्रव्ये जमिनीला परत मिळणार नाहीत. बुरशी ही निसर्गातील आवश्यक कामकरी आहे. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या झाडात आहे आणि त्या झाडाखाली कोण बसते.

बाहेरून आलेली झाडे

शाळा, कचेऱ्या व रस्ते यांच्या कडेने लावलेली पुष्कळ झाडे परदेशी आहेत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, सोनमोहोर आग्नेय आशियाकडील, विलायती शिरीष, सुबाभूळ व गिरिपुष्प ही अमेरिका खंडातील, तर निलगिरी ऑस्ट्रेलियाकडील. वेडी बाभूळही अमेरिका खंडातीलच. ती भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणली गेली. १९६० नंतरच्या दशकांत सरपण, चारा व सावली लवकर मिळावी म्हणून जलद वाढणाऱ्या झाडांचा प्रसार देशात मोठ्या प्रमाणावर झाला.

परदेशी झाड नव्या भूमीत येते तेव्हा त्याचे काही जुने शत्रू मागे राहतात. त्यामुळे आरंभीची वर्षे ते जोमाने वाढते. परंतु ज्या बुरशीला अमुकच झाड हवे असे नसते, ती नव्या पाहुण्यालाही सोडीत नाही. गॅनोडर्मा ही अशी बुरशी आहे. बाभूळवर्गीय झाडे, शिसू, गुलमोहर, सोनमोहोर अशा अनेक देशी व विदेशी झाडांच्या मुळ्या व बुंधा ती कुजविते. तिचे अळंबे पावसाळ्यात जमिनीलगत येते. त्याची वरची बाजू तांबूस-तपकिरी व रोगण दिल्यासारखी चकाकते, कडा फिकट असते, आणि खालची बाजू पांढरी व बारीक छिद्रांची असते. जवळच्या पानांवर व जमिनीवर तपकिरी भुकटी पडलेली दिसते.

राजस्थानातील खेजडीची झाडे वाळण्याच्या प्रकारात मुळे पोखरणाऱ्या किड्याबरोबर हीच बुरशी आढळली आहे. तामिळनाडूत १९५२ च्या वादळानंतर तंजावर भागात नारळाच्या बागांत जो मर रोग पसरला, त्याचे कारणही गॅनोडर्माच ठरले. म्हणजे हा शत्रू एका झाडाचा किंवा एका प्रांताचा नव्हे.

गुलमोहर व सोनमोहोर यांच्या बाबतीत धोका अधिक असण्याची कारणे साधी आहेत. त्यांचे लाकूड तुलनेने मऊ असते, डोलारा रुंद पसरतो, मुळे बहुधा उथळ असतात, आणि ती नेमकी वर्दळीच्या जागी लावलेली असतात. भोवती डांबर किंवा सिमेंट येते, नळासाठी चर खणताना मुळ्या तुटतात, आणि तुटलेल्या मुळीतून बुरशी शिरते. विदेशी झाड वाईट व देशी झाड चांगले, असा याचा अर्थ नाही. बाभळीला कोयत्याने आणि गुलमोहराला चर खणून जखम केली, तर परिणाम एकच होतो.

वेडी बाभळीचा प्रश्न थोडा निराळा आहे. लोणार सरोवराच्या काठावर ती इतकी फैलावली की ती काढण्याचे काम वनखात्याला हाती घ्यावे लागले. २०२० साली या सरोवराची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. शेतातही ही बाभूळ तोडली जाते, पण बुडखा तसाच राहतो. जिवंत बुडख्याला पुन्हा धुमारे फुटतात. मेलेला बुडखा बुरशीचे अन्न होतो. गॅनोडर्मा जमिनीखाली एका मुळीवरून तिला टेकलेल्या दुसऱ्या मुळीवर जाऊ शकते. म्हणून असल्या बुडख्यांशेजारीच नवी फळझाडे किंवा वनझाडे लावणे म्हणजे रोगाला पंगतीस बोलावणे होय.

वाळवी, डिंक्या आणि कूज यांतील फरक

गावात झाड वाळले की बहुधा वाळवीवर दोष जातो. वाळवी लाकूड पोखरते तेव्हा मातीचे लेप व नळ्या दिसतात. बुरशीच्या कुजीत माती नसते. लाकडाचा रंग बदलतो, वजन घटते आणि अळंब्याचा वास येतो. पुष्कळदा बुरशीने मऊ केलेल्या लाकडात वाळवी मागाहून शिरते; अशा वेळी केवळ वाळवीचे औषध घालून मूळ रोग हटत नाही.

संग्रामपूर व जळगाव जामोद भागातील संत्रा बागाइतदारांनी आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. बुंध्याच्या सालीतून डिंक गळणे हा डिंक्या रोग फायटोफ्थोरामुळे होतो. ही सालीची कूज आहे. लाकडाच्या गाभ्याची नव्हे. तिच्यासाठी रोगट साल खरवडून बोर्डो मलम लावतात. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी हे त्याचे प्रमाण असून ते लोखंडी भांड्यात करू नये. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर बुंध्याला मीटरभर उंचीपर्यंत त्याचा लेप देतात. गाभ्यात शिरलेल्या लाकूडकुजीवर मात्र वरून लावलेल्या लेपाचा उपयोग होत नाही.

मोठ्या झाडांच्या कापावर डांबर किंवा रंग फासण्याची चालही तपासून पाहण्यासारखी आहे. अमेरिकन वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो याने हजारो खोडे उभी चिरून दाखविले की झाड जखम भरून काढीत नाही, तर तिच्याभोवती आतून भिंती उभ्या करून ती बंदिस्त करते. ही मीमांसा त्याने १९७७ साली मांडली. लेपाने कूज थांबत नाही. उलट त्याखाली ओल साचू शकते. बरोबर जागी घेतलेला स्वच्छ काप हाच झाडाला खरा साह्यकारी ठरतो.

पोकळ झाड ठेवावे की काढावे

हा निर्णय भीतीने किंवा भिडेने घेऊ नये, मोजून घ्यावा. पोकळ नळी ही भरीव दांड्याच्या मानाने फारशी दुबळी नसते, हे सायकलच्या नळीवरून सर्वांना माहीत आहे. वाकण्याचा ताण मुख्यतः बाहेरचे लाकूड सहन करते. ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाची त्रिज्या ३० सेंटिमीटर. त्यात १० सेंटिमीटर जाडीचे निरोगी कडे सर्व बाजूंनी शाबूत असेल, तर वाकण्यास होणारा विरोध हिशेबाने सुमारे एक पंचमांशानेच घटतो. कडे ५ सेंटिमीटर उरल्यास तो निम्म्यावर येतो, आणि ३ सेंटिमीटर उरल्यास दोन तृतीयांश नाहीसा होतो. यावरून ठोकळ नियम असा की निरोगी कडे त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून कमी असेल तर धोका मानावा. ढोलीचे तोंड एका बाजूने मोठे फाटलेले असेल, तर त्याहून आधीच सावध व्हावे.

मात्र हा हिशेब खोडाचा आहे, मुळांचा नव्हे. गॅनोडर्माने आधाराच्या मुळ्या कुजविल्या असतील, तर खोड भरीव असूनही झाड पडते. म्हणून पुढील क्रमाने पाहणी करावी :

१. पावसाळ्यात, विशेषतः जुलै ते सप्टेंबर, बुंध्याभोवती चकाकणारी अळंबी येतात काय ते पाहावे व जागा लिहून ठेवावी.

२. लाकडी हातोड्याने खोडावर चोहोबाजूंनी ठोकावे. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोकळाचा ढबढब.

३. बुंध्याजवळची माती हलक्या हाताने बाजूस करून मोठ्या मुळ्या पाहाव्यात. पातळ सळई सहज आत गेली तर मुळी कुजली असे समजावे.

४. झाड नव्याने कलले आहे काय आणि कललेल्या विरुद्ध बाजूस जमीन फुगून भेगाळली आहे काय ते पाहावे. तसे असल्यास त्याच दिवशी झाडाखालील वावर बंद करावा.

५. झाड पडल्यास कोठे पडेल, हे ठरवावे. शेताच्या कोपऱ्यातील पोकळ निंब ठेवण्यास हरकत नाही. तोच निंब अंगणवाडीवर झुकला असेल तर ठेवता येणार नाही.

ज्या झाडाच्या पारावर आठवडी बाजार भरतो किंवा ज्याच्या सावलीत मुले बसतात, त्याची पाहणी दर वर्षी मे महिन्यात करून ग्रामपंचायतीत नोंद करावी. काही वेळा झाड न तोडता डोलाऱ्याचा भार हलका करणे पुरेसे होते. झाड काढणे भाग पडल्यास परवानगी घेऊनच काढावे. झाडे तोडण्याचे नियमन करणारा १९६४ चा राज्य कायदा खाजगी जमिनीलाही लागू आहे आणि साग, मोह, चिंच, आंबा, खैर, अंजन, जांभूळ ही झाडे त्याच्या यादीत आहेत.

प्रतिबंधक उपाय

गाभ्यात शिरलेली कूज बरी करणारे औषध नाही. म्हणून सर्व भर प्रतिबंधावर दिला पाहिजे.

फांद्या हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत करवतीने कापाव्यात. फांदी खोडाला मिळते तेथे एक फुगीर कडे असते. ते कडे न दुखावता, त्याच्या लगत बाहेरून काप घ्यावा. लांब खुंटी ठेवू नये व खोडास भिडवून खोल कापही घेऊ नये. जड फांदी प्रथम थोड्या अंतरावर खालून अर्धवट कापावी, मग वरून तोडावी, आणि शेवटी उरलेली खुंटी काढावी. म्हणजे साल सोलली जात नाही.

धुरे पेटविण्याची चाल सोडावी. आगीने बुंध्याची साल एका बाजूने करपते आणि नेमकी तेथूनच कूज सुरू होते. ट्रॅक्टरची नांगरट झाडापासून पुरेशी दूर ठेवावी, खोडात खिळे ठोकू नयेत, आणि पार बांधताना बुंध्याला सिमेंट भिडवू नये. ढोलीत सिमेंट किंवा विटा भरल्याने झाड बळकट होत नाही. आत ओल मात्र कोंडते.

रोगट झाड काढल्यावर बुडखा व मोठ्या मुळ्या खणून काढून जाळाव्यात. ते शक्य नसल्यास शेजारच्या निरोगी झाडाच्या बाजूने ६० ते ९० सेंटिमीटर खोल चर खणून मुळ्यांचा संपर्क तोडावा. त्याच खड्ड्यात लगेच नवे झाड लावू नये. नवीन लागवड एकाच जातीची न करता कडुनिंब, चिंच, जांभूळ, अंजन, बाभूळ अशी मिश्र करावी. चांगल्या कुजलेल्या शेणखताबरोबर ट्रायकोडर्मा दिल्यास रोपांना साह्य होते; परंतु तो निगेला पर्याय नव्हे.

तोडलेल्या लाकडाची साल काढून ते जमिनीपासून उंच, सावलीत, हवा खेळेल असे रचावे. जेथे रोगाची ओळख पटत नाही, तेथे अळंबे व कुजक्या लाकडाचा तुकडा कोरड्या कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे दाखवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुना सडतो.

धुऱ्यावरील बाभूळ वाढण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात आणि पारावरचा निंब आजोबाच्या हातचा असतो. कोयत्याचा एक निष्काळजी घाव त्यांच्या नाशाचा आरंभ ठरू शकतो. आणि बुंध्यावरचे एक अळंबे वेळीच ओळखल्यास झाडाखालच्या माणसांचा जीव वाचू शकतो. येत्या पावसाळ्यात प्रत्येक गावाने आपल्या झाडांच्या बुंध्याकडे एकदा तरी वाकून पाहावे.